जागा पाहिजे, खड्ड्यासकट

३ तारीख

ती. सौ. ताईस,
तुझ्या नालायक भावाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी आप्पांना विचारलं होतं की मोठा जॅक कुठे ठेवलाय, तर ते म्हणाले हो हो, जेवलो. चाळीस वर्षं इंजिनाशेजारी ठोकाठोक केल्यावर कानांनी तरी किती तग धरायचा? तेव्हा कागदच बरा. कागदावर ओरडावं लागत नाही, आणि तुझ्या शेजाऱ्यांनाही आपल्या घरचं फुकट ऐकायला मिळत नाही.

आता मुद्दा. आपली जागा मालकाने विकली. तीस तारखेला मशीन येणार आणि गॅरेज, मागच्या दोन खोल्या, न्हाणी, सगळं आडवं करणार. मालक सांगायला स्वतः आला होता. भिंतीवर थाप मारून म्हणाला की हिला अर्धा तासही लागणार नाही. आईने त्याला पाणी विचारलं नाही, यावरून काय ते समज.

मी अकरा जागा बघितल्या. सगळीकडे एकच तऱ्हा. माणसं किती विचारतात, आम्ही तीन सांगतो, ते हसतात. मग धंदा विचारतात, आणि हसू जातं. एका बाईंनी विचारलं की फरशीवर तेल सांडेल का. मी छातीवर हात ठेवून म्हटलं की आमच्याकडे थेंब सांडत नाही. त्या माझ्या शर्टाकडे बघत राहिल्या. छातीवर पाच बोटं काळीकुट्ट उमटली होती. एका दलालाने दुसऱ्या मजल्यावरची जागा दाखवली. गाडी वर कशी यायची म्हटलं, तर म्हणे इंजिन तेवढं काढून पिशवीतून आणा. एकीकडे इभ्रतीसाठी गिऱ्हाइकाची मोठी गाडी घेऊन गेलो, तर मालकाने गाडी बघून भाडं दुप्पट सांगितलं. एकाने गॅरेज चालेल म्हटलं, पण आवाज चालणार नाही. मी म्हटलं आमच्या घरात एक माणूस असा आहे की त्याला आवाजाचा काडीचा त्रास होत नाही. त्यांना विनोद कळला नाही.

ताई, हसतोय म्हणून मजेत आहे असं समजू नकोस. आप्पा हवापालटाला म्हणून तुझ्याकडे गेले त्याला तीन महिने झाले. एवढी काय हवा आहे तुझ्याकडे? त्यांचा एप्रन खिळ्याला तसाच आहे. आई तो रोज झटकते आणि परत तिथेच अडकवते. जागा मिळाली तर ते येतील असं ती म्हणते. नाही मिळाली तर येणार कुठे, हेही तीच म्हणते, आणि मग आत निघून जाते.

भाऊजींना नमस्कार. लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू तेवढा देऊ नकोस.

तुझा,
पान्या

---

७ तारीख

चि. पान्या यास,
अ. आ. आणि पाठीत एक धपाटा.

तुझं पत्र आप्पांनी आधी वाचलं. बोटांच्या ठशांपाशी हसले, एप्रनपाशी थांबले आणि पत्र घडी करून मला दिलं. मग बाहेर जाऊन शेजाऱ्यांचं कुरकुरणारं फाटक दुरुस्त करत बसले. माझं शिवणयंत्र झालं, तुझ्या भाऊजींची सायकल झाली, आता गल्लीत मोडकं काही उरलेलं नाही. हात थकले म्हणून काम सोडलं असं ते सांगतात. ते हात थकलेले नाहीत रे.

आता वाईट बातमी, उभ्याने वाचू नकोस. त्यांनी इथल्या भंगारवाल्याला बोलावलं होतं. हत्यारांची यादी करून दिली. अख्खी यादी तोंडपाठ, लहान पान्यापासून मोठ्या पान्यापर्यंत, कुठल्याचा दात झिजलाय तेसुद्धा. एकोणतीस तारखेला तिकडे येऊन सगळं मोजून देणार म्हणतात. पानेसुद्धा, आणि तू ज्याच्यावरून पान्या झालास तो दहा-अकराचा पानासुद्धा.

ते असं का करतात ते मला माहीत आहे. पण त्यांनी मला गळ्याची शपथ घातली आहे, म्हणून विचारू नकोस.

तुला धीर द्यायला एकच सांगते. जागेत मला काही रस नाही असं म्हणाले, आणि जेवता जेवता ताटाकडे बघत पुटपुटले की दार नऊ फुटांच्या खाली नको, खाली गुळगुळीत फरशी नको आणि गाडीखाली उभं राहायला खड्डा असला तर बरा. रस नसलेला माणूस दाराची उंची सांगत नाही. तेव्हा चपला झिजव. आईला तिची खिडकी मिळेल असं बघ, आयुष्यभर ती पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून स्वयंपाक करते आहे.

कुणाच्या खोड्या काढू नकोस, निदान महिनाभर. काळजी घे, आणि माझी वाढवू नकोस. माया आहेच.

तुझी,
ताई

---

१३ तारीख

ती. सौ. ताईस,
भाग्यवान भावाचा सा. न. वि. वि.

मिळाली! जागा मिळाली! आधी आप्पांना सांग, मग पुढे वाच. आणि पुढचं त्यांना वाचायला देऊ नकोस, ते नंतर गंमत म्हणून मी सांगीन.

अठरावी जागा. सतरावीपर्यंत पायाला फोड आणि तोंडाला कोरड. परवा एका खांबावर कागद दिसला, अक्षर मोत्यासारखं. तीन खोल्या, मागे शेड, आणि बिघडलेल्या मोटारीचं ज्ञान असणाऱ्यास आधी विचार. मी दोनदा वाचलं. मग कागदच काढून खिशात घातला, म्हणजे दुसऱ्या कुणाला ज्ञान व्हायला नको.

मालक म्हातारे, एकटे, जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेले. अनवाणीच दार उघडलं. भिंतीवर चाळीसेक घड्याळं, सगळी चालू. आत गेलं की डोक्यात शिट्ट्या वाजल्यासारखं होतं. आईला खिडकी दाखवली, ती तिथेच उभी राहिली. आणि शेड! दार साडेनऊ फूट. खाली दगडी फरशी, खडबडीत. आधी कुणी ट्रकवाला होता म्हणे, त्यामुळे फळ्यांखाली तयार खड्डा. मला रडू येईल असं वाटलं.

कोपऱ्यात चादरीखाली गाडी. तीन महिन्यांपूर्वी ती वेडी झाली, म्हणाले. ब्रेक दाबला की हॉर्न. इस्पितळाच्या दारात हॉर्न, शाळेपाशी हॉर्न. एकदा एका अंत्ययात्रेच्या मागे अडकले आणि पाव मैल ब्रेक दाबत, हॉर्न मारत गेले. नंतर त्या घरच्यांनी बोलणं टाकलं. तीन मेकॅनिकनी हात टेकले. जो खोट शोधील त्याला जागा, असा त्यांचा हट्ट.

मी ऐकून घेत होतो आणि ते शेडमध्ये यायला म्हणून बूट चढवत होते. डाव्या टाचेला सायकलच्या टायरचा तुकडा ठोकलेला.

ताई, तुला माहीत आहे, आपल्या खड्ड्यात उभं राहिलं की गिऱ्हाइकाचं तोंड दिसत नाही, त्यालाही माझं दिसत नाही. मी निम्मं गाव बुटांवरून ओळखतो. आणि गाडी आपल्याकडे कामाला होती तेव्हा ही टाच रोज खड्ड्याच्या काठावर आपटून मला लवकर लवकर करत होती, माती सगळी माझ्या डोळ्यांत. म्हणून एक दिवस मी ब्रेकच्या दिव्याची तार हातभर काळ्या तारेने हॉर्नला जोडून दिली होती. काळी टेप गुंडाळून अशी लपवली होती की ती लावणाऱ्यालाच सापडावी. संध्याकाळी परत येतील, तेव्हा काढून देऊ, असा विचार होता. पण मी सामान आणायला गेलो होतो, तेवढ्यात ते येऊन गेले आणि परत कधी फिरकले नाहीत. मी विसरलो.

आता मला सांग, मी काय करायला हवं होतं? गॅरेजचं नाव विचारलं त्यांनी. मी दुसरंच ठोकून दिलं. त्यांना आत बसवलं, दोन मिनिटांत तार काढली आणि मग दीड तास गाडीखाली उताणा पडून पान्याने ठाण ठाण करत बसलो. तोंडाला ग्रीस फासून बाहेर आलो. त्यांनी अकरा वेळा ब्रेक दाबला. अकराव्यांदा डोळे पुसले आणि माझ्या हातात किल्ली ठेवली.

करारावर सही आप्पांची लागेल. त्यांना तयार ठेव. भंगारवाल्याला सांग, दुसरं घर बघ.

कळावे. आज तरी थोडा जास्त लोभ असावा.

तुझा हुशार,
पान्या

---

१७ तारीख

चि. पान्या यास,
अ. आ. लिहिते आहे, कारण हाताला तशी सवय आहे.

तुझं पत्र मी स्वयंपाकघरात, दार लावून वाचलं. मी शपथ मोडते आहे. पाप लागलं तर आपण दोघं वाटून घेऊ.

तू सामान आणायला गेलास त्या दिवशी ते घड्याळवाले आले. ब्रेक दाबला की हॉर्न वाजतो म्हणाले. आप्पांनी त्यांना गाडीत बसवून दाबायला लावला. आप्पांना काही ऐकू आलं नाही. त्यांनी बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवला, आवाज ते असाच ओळखतात ना आता. इंजिन ठणठणीत. त्यांनी सांगितलं की आवाज नाही, गाडीत काही खोट नाही. ते गृहस्थ पुन्हा पुन्हा दाबत राहिले, आप्पा पुन्हा पुन्हा मान हलवत राहिले. समोरचा पंक्चरवाला पोट धरून हसत होता. आप्पांना कशाला ते कळलं नाही, म्हणून तेही थोडं हसले. तेव्हा ते गृहस्थ संतापले. त्यांना वाटलं आपली टिंगल चालली आहे. आप्पांना फक्त त्यांचं उघडं-मिटणारं तोंड दिसत होतं. शेवटी पंक्चरवाल्याने कानाकडे बोट दाखवून आप्पांना खुणेने सांगितलं की हॉर्न वाजतोय.

चार माणसांसमोर त्यांना कळलं की आपल्या हातभर अंतरावर वाजणारा हॉर्नही आपल्याला ऐकू येत नाही. त्याच रात्री त्यांनी पिशवी भरली. मला आठ दिवसांनी सांगितलं, तेही भिंतीकडे तोंड करून. ज्याला हॉर्न ऐकू येत नाही त्याच्या हातात लोकांनी ब्रेक का द्यावेत, असं म्हणाले.

तार कुणी जोडली ते त्यांना माहीत नाही. मलाही कालपर्यंत माहीत नव्हतं.

आता सहीसाठी ते त्याच माणसासमोर उभे राहणार. तो त्यांना ओळखणार. पुढचं तू बघ. मी तुला उपाय सांगणार नाही, माझ्याकडे नाही. जागा मिळाली असं मी त्यांना सांगितलेलं नाही. ते यादीतले पाने परत मोजत बसले आहेत.

तुझी,
ताई

---

२२ तारीख

ताई,
सा. न.

चार दिवस काही लिहिता आलं नाही. पहिल्या दिवशी वाटलं की काहीच सांगायचं नाही. सही माझी चालेल का विचारू, आप्पांना मागच्या दाराने आणू, ते म्हातारे किती दिवस जगणार, असलं सगळं डोक्यात आलं. तुला खरं सांगतो, असलंच आलं.

मग आज गेलो आणि सांगितलं. तार, टेप, दीड तासाची ठाण ठाण, खोटं नाव, आप्पा माझे कोण, सगळं. एकदा सुरू झाल्यावर थांबताच येईना. ते एका घड्याळात डोकं घालून बसले होते, वर बघितलंच नाही. मी ओरडा खायची तयारी करून गेलो होतो गं. ओरडले असते तर बरं झालं असतं. सगळं ऐकून त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं हातात हात देतायत. त्यांना किल्ली पाहिजे होती.

इकडे जुन्या मालकाने आजच गॅरेजचा पत्रा उतरवायला माणसं पाठवली. हत्यारं अंगणात ताडपत्रीखाली आहेत, आई त्यांच्याजवळ खुर्ची टाकून बसते. तिने खिडकीला लावायला पडदा शिवून ठेवला होता. तोच आता पान्यांवर पांघरलाय, धूळ बसू नये म्हणून. मी तिला अजून सांगितलेलं नाही की खिडकी गेली. आठ दिवस राहिले. मी रोज हिंडतो, आणि आता विनोदही सुचत नाहीत. एका घरी गॅरेज शब्द उच्चारायच्या आत मीच परत फिरलो.

सोबतची चिठ्ठी आप्पांना दे. वाचताना तू जवळ राहा.

पान्या

(चिठ्ठी)

ती. आप्पांच्या पायाशी शि. सा. न. वि. वि.

तो हॉर्न मी जोडला होता. गंमत म्हणून. तुमच्यासाठी नव्हता. हत्यारं विकायची तर विका, पण कानांमुळे विकू नका. माझ्यामुळे विका.

पान्या

---

२५ तारीख

चि. पान्या यास,
अ. उ. आ.

चिठ्ठी मिळाली. दोनदा वाचली. तुझी मागची पत्रंही ताईने दाखवली.

कान तू घालवले नाहीस. ते दहा वर्षांपासून जात होते, मी कुणाला सांगत नव्हतो. तुझ्या आईला माहीत असणार. तू जे केलंस ते वेगळं आहे. तू ब्रेकच्या तारेला हात लावलास. हॉर्नशी खेळला असतास तर एक कानाखाली देऊन सोडलं असतं. ब्रेकच्या कुठल्याच तारेशी खेळायचं नाही, हे मी तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ती काढलीस तेव्हा मागचा दिवा लागतो का ते पाहिलंस? जोड नीट बांधलास? तू लिहिलेलं नाहीस, म्हणजे पाहिलेलं नाहीस. तो माणूस आज रस्त्यावर ब्रेक दाबत असेल आणि मागच्याला कळत नसेल.

मी अठ्ठावीसला सकाळी येतो. एप्रन धुऊन ठेव. जागेचं नंतर बघू. आपल्या हातून एक गाडी खोट घेऊन बाहेर गेली आहे, आधी ती.

आईला सांग की खिडकीचं मला कळलं.

आप्पा

---

१ तारीख

ती. सौ. ताईस,
खड्ड्यातून लिहिणाऱ्या भावाचा सा. न. वि. वि.

होय, खड्ड्यातूनच. आता सगळं क्रमाने सांगतो.

आप्पा अठ्ठावीसला सकाळी उतरले. एप्रन घातला, दहा-अकराचा पाना खिशात टाकला आणि चालायला लागले. पकडलेल्या चोरासारखा मी पुढे, ते मागे. घड्याळवाल्यांनी दार उघडलं, आप्पांना बघितलं आणि दार लावून घेणार तेवढ्यात आप्पांनी सांगितलं, त्यांच्या त्या गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात, की जागा मागायला आलो नाही, गाडी तपासायला आलोय. मागचा दिवा बघितला. लागत नव्हता, ताई. माझ्याने मान वर करवेना.

मग आप्पांनी मला काय करायला लावलं असेल? तार परत जशीच्या तशी जोडायला. मी जोडली. घड्याळवाल्यांनी मनगटाकडे बघितलं आणि म्हणाले की दोन मिनिटं. त्या दिवशी दीड तास लागला होता.

आप्पांनी बॉनेट उघडलं आणि या वेळी इंजिनावर नाही, थेट हॉर्नवर तळहात ठेवला. घड्याळवाल्यांना ब्रेक दाबायची खूण केली. हॉर्न वाजला. आप्पांनी मान डोलावली. परत दाबायला लावला. परत. शेजारपाजारचे बाहेर आले. आप्पा हात तसाच ठेवून उभे. मग म्हणाले की आवाज आहे. त्या दिवशी नाही म्हणालो ते खोटं होतं, माझा हात चुकीच्या ठिकाणी होता, त्याची माफी मागतो. मग तार मला काढायला लावली, दिव्याचा जोड स्वतः बांधला, हात पुसले आणि निघाले.

फाटकापर्यंत पोचलो होतो. घड्याळवाले मागून हाका मारत होते, आप्पा चालतच होते, ऐकू कुठे येतंय. मीही सांगितलं नाही. मला वाटलं आणखी शिव्या असतील. शेवटी ते टायरवाली टाच आपटत धावत आले, आप्पांच्या दंडाला धरलं आणि ओरडण्याऐवजी खिशातून कागद काढून फाटकावर ठेवून लिहिलं. घाईत मोत्यासारखं अक्षर आडवं-तिडवं झालं. त्यांनी लिहिलं होतं की चार वर्षांपूर्वी याच हातांतून एका गिऱ्हाइकाच्या घड्याळातला स्क्रू हरवला. घड्याळ उत्तम आहे म्हणून सांगून त्यांनी ते परत दिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद केलं. त्या गिऱ्हाइकाकडे जायचं धैर्य त्यांना अजून झालेलं नाही. खाली वेगळ्या ओळीत अटी होत्या. एक महिना बघू. दुपारी दोन ते चार ठोकाठोक नाही. आणि दर रविवारी चाळीस घड्याळांना किल्ली पोराने द्यायची, एकही मागे पडता कामा नये.

आप्पांनी मला न विचारता हो म्हटलं. माझे रविवार गेले. आईला खिडकी मिळाली. पडद्याला ग्रीसचे डाग आहेत, ती म्हणते राहू देत.

तीस तारखेला मशीन आलं तेव्हा आमची शेवटची खेप निघत होती. जुना मालक अर्धा तास म्हणाला होता ना, भिंतीने दोन तास घेतले.

आता शेवटचं. इथे आप्पांच्या कामाच्या टेबलाकडून दार पाठीमागे येतं. काल दोन गिऱ्हाइकं हाका मारून मारून परत गेली. आप्पांना कळलं तेव्हा, तू लिहिला होतास तो भिंतीकडे बघायचा चेहरा परत झाला. म्हणून मी हॉर्नची तीच हातभर काळी तार घेतली, भंगारातल्या एका गाडीचा मागचा लाल दिवा काढला, आणि फाटकाजवळ बटण बसवलं. बटण दाबलं की टेबलावर दिवा लागतो. आप्पांनी काय म्हणावं? जोड ढिला आहे, टेप परत गुंडाळ, एवढंच. मी गुंडाळली. त्यांनी बोटाने दाबून बघितली आणि परत कामाला लागले.

आज सकाळपासून पाच वेळा लागला. दोनदा गिऱ्हाईक, एकदा आई, जेवायला बोलवायला. दोनदा घड्याळवाले, काही काम नसताना. लागला की आप्पा वळतात आणि येणाऱ्याच्या तोंडाकडे नीट बघतात, ओठ वाचायला. मी खड्ड्यातून बूट बघतो. दोघांत मिळून एक अख्खं गिऱ्हाईक होतं.

भंगारवाल्याला माझा नमस्कार सांग. भाऊजींची सायकल कुरकुरली तर आम्हाला कळव, आता पत्ता आहे. लोभ होता तेवढा राहू दे, कमी पडला तर मागून घेईन.

तुझा,
पान्या